वाढ देवाची, घट कॅशियरची

"दोनशे दहा कापलेत," अण्णा म्हणाले आणि पगाराचं पाकीट त्यांनी माझ्या खिडकीतून आत सरकवलं. "मोजून घे."

मी मोजलं नाही. मोजायला होतंच काय त्यात? साडेचारशे पगार, त्यातले दोनशे दहा घटीत, म्हणजे गल्ल्यात कमी भरलेल्या पैशांत गेले. धनत्रयोदशीची संध्याकाळ, बाहेर पोरांचे फटाके सुरू, आणि मी आपली जाळीच्या पिंजऱ्यात ते हलकं पाकीट हातात धरून बसलेली.

"अण्णा, मी एक रुपयासुद्धा घेतलेला नाही."

"मी कुठं म्हणतो घेतलास म्हणून? घट आली की कॅशियरनं भरायची. माझ्या वडलांपासूनचा नियम आहे. तुझ्यापुरता वेगळा करू का?"

अण्णा मनानं वाईट नव्हते. तासगावात द्राक्षबागायतदारांना पंप, नोझल, वॉशर, पट्टे विकणारं त्यांचं मोठं दुकान. नुकतीच त्यांनी त्या दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली होती. म्हणजे बोर्ड नवा रंगवला, बाकी सगळं होतं तसंच.

मागच्या काउंटरवरून सिद्धू बोलला. सिद्धू म्हणजे अण्णांचा पुतण्या. माझ्यासारखाच बी. कॉम., पण आडनाव मालकाचं. "हणमंतकाका कॅशवर होते तेव्हा बावीस वर्षांत एकदाही घट आली नव्हती. आपली नुसती आठवण करून देतो."

"मग हणमंतकाकांनाच बोलवा परत," मी फटकन बोलून गेले.

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची, आणि ते खरंच आहे. अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "पाडव्याला नवी वही सुरू करायची. त्या वहीवर कॅशियर म्हणून कुणी बसायचं ते तेव्हा ठरवू."

मला कळायचं ते कळलं. तासगाव केवढंसं गाव! कॅशवरून काढलेल्या मुलीला दुसरीकडं कोण उभं करणार? आणि "का काढली" हे कुणी विचारणारही नाही. सगळे आपापल्या मनात ठरवून मोकळे होणार. वडलांचं सायकलीचं दुकान, धाकटी दोघं शिकत होती, माझ्या पगारावर घराचा किराणा यायचा. पण खरं सांगते, मला पैशाची भीती नव्हती. "चोर" या एका शब्दाची होती.

हणमंतकाका चैत्रात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर मी बसले. पहिल्या महिन्यात पंधरा-वीस रुपयांची घट आली. नवी आहे, होतं असं, म्हणून अण्णांनी कापली आणि मीही गप्प बसले. पावसाळ्यात ती चाळीस-पन्नासवर गेली. ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटण्या झाल्या, फवारण्या सुरू झाल्या, दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, आणि माझी घटही पिकाला आल्यासारखी वाढली. सात महिन्यांत एकंदर चारशे चौऱ्याहत्तर रुपये. हा आकडा मला आजही झोपेतून उठवून विचारा.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? प्रत्येक नोट दोनदा मोजून घेत होते. सुटे परत देताना मोठ्यानं आकडा म्हणत होते, इतक्या मोठ्यानं की गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, आम्हाला ऐकू येतंय." दुपारचा डबा पिंजऱ्यात बसून खात होते. तरी संध्याकाळी वही मिटवायची वेळ आली की शिल्लक कमीच.

ही वही मिटवायची वेळ म्हणजे दिवेलागण. अण्णांच्या आजोबांपासूनची पद्धत. गल्ल्यामागं वीरभद्राची तसबीर होती, त्यांचं कुलदैवत. तिच्यापुढं दिवा लागला की रोजमेळ मिटायचा. रोजमेळ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. त्यानंतर त्या दिवसाच्या नावानं एक अक्षर लिहायचं नाही. दिवा लागला की दुकानाची तारीख उद्याची. गिरिजाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, दुकानाच्या मागंच राहायच्या. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "दिवा लागला की तू घरी जायचं गं बाई. मुलीच्या जातीनं त्यापुढं गल्ल्यावर बसायचं नाही."

मग मी शिल्लक मोजायचे, घट असेल ती अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे, आणि पायात चप्पल सरकवून मी निघायचे. पुढं तास-दीड तास दुकान सिद्धू उघडं ठेवायचा. रात्री आठ-साडेआठला अण्णा देवळातून आले की एकटे बसून गल्ला पुन्हा मोजायचे. वहीतल्या शिलकेपेक्षा काही जास्त भरलं तर ते देवाचं. तसबिरीखाली एक लाकडी पेटी होती, वर पितळी फट असलेली, तिच्यात ते पैसे पडायचे. मला वाटायचं, पडत असतील चार-दोन आणे.

आणखी एक. सकाळी अण्णा गल्ल्याची पिशवी माझ्या हातात द्यायचे, पण ती मोजायची नाही. भवानी व्हायच्या आधी, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी, गल्ला मोजणं अशुभ. आणि भवानी झाली की मग मोजायला सवड कुणाला?

त्या रात्री आईनं पाकीट उघडून बघितलं आणि किराण्याच्या डब्यात ठेवलं. वडील म्हणाले, "सिद्धू तर नाही ना हात मारत?"

"मी असताना नाही मारत. मी नजर ठेवून असते."

"मग हणमंतरावांना जाऊन विचार की. त्यांना ती पेढी आतून-बाहेरून ठाऊक."

मला ते नको होतं. ज्या माणसाचं नाव घेऊन मला रोज टोमणे बसत होते, त्याच्याच दारात जाऊन काय म्हणायचं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेच.

हणमंतकाका सोप्यात बसून खोबरं किसत होते. करंज्यांचं सारण. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बोटं सांभाळा," आणि काका म्हणाले, "बावीस वर्षं नोटा मोजल्यात या बोटांनी, खोबऱ्याला काय घाबरतायत!"

मी सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण "चोर" शब्दाशी आल्यावर आवाज फुटलाच. काकांनी किसणं थांबवलं नव्हतं.

"सकाळी तसबिरीची पूजा आता कोण करतं?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. मी काय विचारतेय आणि हा माणूस काय विचारतोय! "सिद्धू करतो. मला कुठं हात लावू देतात?"

"आणि पेटीची किल्ली?"

"अण्णांच्या करदोट्याला. तुम्ही गेल्यापासून तिथंच आहे."

किसणी थांबली. काकांनी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"काय लक्षात यायला पाहिजे होतं?"

"पाडव्याच्या पूजेला मला बोलावणं आहे. मी येतो."

"अहो काका, पण तोवर मी काय करू? सांगा ना काही असेल तर!"

"आज नाही सांगवत, पोरी," ते म्हणाले. "जा. घरी जाऊन जेव."

जेव म्हणे! माझी नोकरी चालली होती आणि हे मला जेवायला सांगत होते. मी उठले, नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडले, आणि सगळा रस्ता त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत आले. खडूस म्हातारा, स्वतःच्या नावाला जपतोय, असं आणि बरंच काही.

लक्ष्मीपूजनाचा दिवस तसाच गेला. त्या दिवशी घट अकरा रुपये. सणासुदीचं राहू दे म्हणून अण्णांनी ती सोडून दिली, आणि त्या दयेनं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाडव्याच्या सकाळी दुकानात पाट मांडला होता. नवी लाल वही, झेंडूची माळ, गुलाल, गिरिजाकाकूंनी केलेल्या करंज्यांचं ताट. नोकरमाणसं येऊन नमस्कार करून, मिठाईचा पुडा घेऊन गेली. शेवटी राहिलो आम्ही पाच जण. अण्णा, काकू, सिद्धू, मी, आणि भिंतीकडंच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले हणमंतकाका. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

वर्षातून एकदा, पाडव्याला, देवाची पेटी उघडायची असा रिवाज होता. त्यातले पैसे वीरभद्राच्या महाप्रसादाला जायचे. अण्णांनी करदोट्याची किल्ली सोडवली, कुलूप काढलं आणि पेटी पाटावर उपडी केली.

धबाधबा नोटा पडल्या. दहाच्या, पाचच्या, दोनच्या, आणि चिल्लर वेगळी. सिद्धू "अरे बापरे" म्हणून खाली बसला आणि मोजायला लागला. अण्णा हात जोडून उभे.

"पाचशे अठ्ठावीस!"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या वडलांच्या काळातसुद्धा एवढं निघालं नव्हतं रे. कंपनी केली ती देवाला मानवली म्हणायची. काल लक्ष्मीपूजनालाच बघ, बावीस रुपये वाढ! सणाच्या दिवशी! खूणच ही."

काकूंनी तसबिरीला हळद-कुंकू वाहिलं. अण्णांनी डोळे पुसले आणि ते माझ्याकडं वळले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "शैला, तू आता भाऊबीज करून ये निवांत. कॅशवर काही दिवस सिद्धू बसेल. तुझं नंतर बघू, गोदामाकडं वगैरे."

झालं. असंच होणार हे माहीतच होतं. सिद्धूनं नवी वही स्वतःकडं ओढली. माझी नजर मात्र पाटावरच्या नोटांवर होती. मी काही हुशारीनं बघत नव्हते, मला फक्त कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. आणि बघता बघता मनात आलं, एवढे पैसे? चार-दोन आण्यांनी पाचशे होतात?

"अण्णा," मी विचारलं, "दरवर्षी पेटीत किती निघतात?"

"तीस-चाळीस. का गं?"

तीस-चाळीस. आणि यंदा पाचशे अठ्ठावीस. माझ्या डोक्यात चारशे चौऱ्याहत्तर कायमचे बसलेले होते. दोन आकडे एकमेकांशेजारी येऊन बसले आणि मला उठू देईनात.

"सिद्धू, काल दिवा लागल्यावर तू काय विकलंस?"

"तुझा काय संबंध?"

"सांग की रे," काकू म्हणाल्या. "सणाचं कशाला तोडून बोलतोस?"

सिद्धूनं खांदे उडवले. "एक मेकॅनिक आला होता फवारणीच्या पंपाचा. नोझल नेलं आणि दोन वॉशर."

"कितीचं झालं?"

गल्ल्याशेजारी तारेचा आकडा होता, त्याला पावत्या टोचलेल्या असायच्या. सिद्धूनं वरची पावती ओढून काढली. दिवा लागल्यानंतरची, म्हणून रीतीप्रमाणं पुढच्या तारखेची. त्यानं वाचली आणि तो थांबला.

"बावीस," तो म्हणाला.

"पैसे कुठं ठेवलेस?"

"कुठं म्हणजे? गल्ल्यात. रोज ठेवतो तिथंच."

"आणि अण्णा, तुम्ही रात्री मोजलंत तेव्हा वाढ किती?"

अण्णांनी पावतीकडं बघितलं. त्यांनी आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

माझं तोंड आता सुटलंच. "अण्णा, तो मेकॅनिक बावीस रुपये देऊन गेला. वही तर मिटलेली. म्हणून ते तुम्हाला वाढ दिसले आणि पेटीत गेले. ही पावती मी दुसऱ्या दिवशी वहीत जमा करणार, पैसे पिशवीत आहेत असं समजून. तुम्ही मला पिशवी मोजू देत नाही. संध्याकाळी मोजायला बसले की बावीस कमी! आदल्या रात्रीची वाढ ती दुसऱ्या दिवशीची घट. तेच पैसे, अण्णा! छाटणीनंतर संध्याकाळची गिऱ्हाइकं वाढली, म्हणून माझी घट वाढली."

काकू कपाळाला हात लावून खाली बसल्या. "अगं बाई! म्हणजे सात महिने आपण ह्या पोरीच्या पगाराचा देवाला नैवेद्य दाखवला?"

मला वाटलं, सुटले. पण सिद्धू बी. कॉम. होता आणि मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "थांबा. संध्याकाळची विक्री काय आज सुरू झाली? पावत्या अशाच तारेवर असायच्या, पेटी हीच होती. मग हणमंतकाकांना बावीस वर्षांत घट का नाही आली?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर मघाशी आलेलं नरमपण परत जायला लागलं होतं. खरं तेच बोलत होते मी, आणि तरी खोटी पडणार होते.

"येत होती," भिंतीकडून आवाज आला. "रोज येत होती."

हणमंतकाका उभे राहिले होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती.

"रोज सकाळी तसबिरीची पूजा मी करायचो. पेटीची किल्ली माझ्याकडं असायची. तारेवरच्या पावत्या बघून, आदल्या रात्री देवाला जेवढे गेले, तेवढे मी पेटीतून काढून परत गल्ल्यात टाकायचो. मगच वही उघडायचो."

अण्णांनी आधी पेटीकडं बघितलं, मग काकांकडं.

"देवाच्या पेटीत हात घातलास?" अण्णा म्हणाले. "बावीस वर्षं?"

"घातला. दिवा लावायचो, त्याला सांगायचो, हे तुझे नाहीत बाबा, हे वॉशरचे आहेत. एक रुपया घरी नेला असेल तर या हाताला किडे पडोत."

"आणि मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"तुमच्या वडलांना सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. ते म्हणाले, देवाला हिशोब शिकवतोस? पुन्हा बोललास तर घरी बसवीन." काकांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "मालक, तुमच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. दिवा लागला की दुकानच बंद व्हायचं, म्हणून वही बंद. तेव्हा ते बरोबर होतं. पंप आले, संध्याकाळचं गिऱ्हाईक आलं, दुकान उघडं राहायला लागलं. वही तेवढी कुणी उघडी ठेवली नाही."

"मग निदान ह्या पोरीला तरी सांगायचं!" हे काकू म्हणाल्या, आणि चांगल्या चढ्या आवाजात.

काकांनी माझ्याकडं बघितलं. या खेपेला मीही बघितलं. "किल्ली परत देताना सांगणार होतो. जीभ उचलली नाही. देवाचे पैसे काढणारा म्हणून निवृत्त व्हायचं नव्हतं मला. वाटलं, ही शिकलेली आहे, नवी पद्धत आणेल. हिलाच भरावं लागतंय हे परवा कळलं, आणि परवाही धीर झाला नाही. माफ कर, पोरी."

मी काय माफ करणार? ज्या शब्दाला मी घाबरत होते, तोच शब्द अंगावर घ्यायला हा माणूस चार लोकांत टोपी काढून उभा राहिला होता. तोही माझ्यापायी. दोन दिवस त्याला घातलेल्या शिव्या आठवल्या आणि मला लाज वाटली. मी जाऊन त्यांच्या पाया पडले. पडताना रडू आलं ते थांबेना. सात महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

अण्णा पाटाजवळ उकिडवे बसले होते. "चूक आमची आहे," ते म्हणाले. "हिचे पैसे हिला मिळाले पाहिजेत. पण एकदा देवाला वाहिलेलं परत कसं उचलायचं? हात लावायला माझं मन धजत नाही."

"तुम्ही नकाच लावू," काकू म्हणाल्या. त्यांनी चारशे चौऱ्याहत्तर रुपये मोजून एका ताटलीत ठेवले, वर दोन करंज्या ठेवल्या, ताटली तसबिरीपुढं धरली आणि माझ्या हातात दिली. "घे. प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

सिद्धूनं नवी वही माझ्यापुढं सरकवली. वर पेनही ठेवलं. तेवढंही त्याच्यासाठी फार होतं.

अण्णांना मात्र चैन पडेना. पाटावर आता चोपन्न रुपयेच उरले होते. त्यातले बावीस तर त्या मेकॅनिकचे, ते मी गल्ल्यात घेतले. महाप्रसादाला राहिले बत्तीस. अण्णांनी वीरभद्राकडं बघितलं, गल्ल्याचा खण उघडला, शंभराची नोट काढली आणि पेटीकडं हात नेला.

"अण्णा," मी म्हणाले. नोकरी वाचून पाच मिनिटं झाली नव्हती, पण माझी जीभ! "गल्ल्यातून नको. गल्ला कंपनीचा. देवाला द्यायचे तर खिशातून द्या."

अण्णांचा हात पेटीवरच थांबला. मग त्यांनी सदऱ्याचा एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. दोन्हीत काही नव्हतं. गल्ला हाताशी असताना खिशात पैसे ठेवायची त्या माणसाला सवयच नव्हती. आधी काकू हसल्या, मग सिद्धू, आणि शेवटी अण्णा स्वतः, पोट धरून.

"मग कसं करायचं म्हणतेस?"

"तुमच्या नावे उचल लिहिते. महिनाअखेर भरा. नाही भरलीत तर कापून घेईन."

"लिही बाई, लिही. पण नव्या वहीची पहिली ओळ खर्चाची नको गं."

"मी आहे की भवानीला," हणमंतकाका म्हणाले. "सिद्धू, एक वॉशर दे मला."

"तुमच्याकडं पंप कुठाय काका?"

"नसू दे. तू दे."

सिद्धूनं पावती केली. काकांनी दोन रुपये माझ्या खिडकीतून आत सरकवले, मी मोठ्यानं "दोन मिळाले" म्हटलं, आणि नव्या वहीत पहिली ओळ लिहिली, जमा, हणमंतराव, वॉशर, दोन रुपये. दुसरी ओळ अण्णांच्या नावे उचल. काकांनी चष्मा पुढं ओढून दोन्ही ओळी वाचल्या आणि वॉशर जपून खिशात टाकला.

भाऊबीज झाल्यावर दुकान उघडलं. सकाळी भवानीची वाट न बघता मी पिशवी मोजून घेतली. दिवा लागला तरी वही उघडी ठेवली. काकूंनी मागून हाक मारली, "घरी जायचं नाही का गं?" मी म्हणाले, "दुकान मिटलं की जाते. मग वडील येतात न्यायला." त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला.

आठ वाजता अण्णांनी माझ्यासमोर बसून गल्ला मोजला. वाढ नाही, घट नाही. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि जुन्या सवयीनं पेटीकडं वळले. हात रिकामाच होता. त्यांनी माझ्याकडं चोरून बघितलं, आणि सदऱ्याच्या खिशातून एक रुपया काढला. त्या दिवशी ते घरातून पैसे घेऊन आले होते.

रुपया पेटीत पडला. मी वही मिटली आणि वडलांच्या सायकलवर मागं बसून घरी गेले.